स्पर्धेत उतरतोयस? मग आधी घड्याळ बघ

टोस्टमास्टर्सच्या (भाषणकला शिकवणाऱ्या क्लबांची संघटना) आंतरराष्ट्रीय भाषण स्पर्धेत नाव देतोयस, छान! पण पाथवेजच्या, म्हणजे त्यांच्या शिक्षणक्रमाच्या, पहिल्या दोन लेव्हल पूर्ण झाल्यात का ते आधी तपास, नाहीतर पात्रताच नाही. भाषण ५ ते ७ मिनिटांचं. साडेचारच्या आत संपलं किंवा साडेसातच्या पुढे गेलं की बाद, मग कितीही रंगलेलं असो. म्हणून सरावात सव्वासहालाच थांब. प्रेक्षक हसले की वेळ वाढतो, आणि घरी सराव करताना कोणी हसत नाही! सात मिनिटं झाल्याचा लाल दिवा दिसला म्हणून शेवट गुंडाळू नकोस, अजून अर्धं मिनिट हातात असतं. दुसऱ्यांच्या अवतरणांचा भरणा टाळ. पाठांतर? माझ्या मते फक्त सुरुवातीची आणि शेवटची दोन-दोन वाक्यं. मधलं बोलता बोलता येऊ दे.