वाचकांचे प्रश्न : भरतीची वेळ आणि ऑयस्टरकॅचर

प्रश्न : डिसेंबरात संकष्टीच्या दिवशी आम्ही पाच जण ऑयस्टरकॅचर हा किनाऱ्यावरचा पक्षी पाहायला अलिबागजवळच्या आक्षीला गेलो. सकाळी नऊला किनाऱ्यावर होतो. पाणी पार लांब गेलेलं. तिथे काळे-पांढरे ठिपके हलत होते, जवळ जायला लागलो तर सगळे उडाले. जागा चुकली की हंगाम?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जागा आणि हंगाम दोन्ही बरोबर. हा हिवाळी पाहुणा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याला शोधायला उत्तम. चुकली ती भरतीची वेळ.

कोकणातला जुना हिशोब ध्यानात ठेवा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी, नऊला, पूर्ण ओहोटी. तुम्ही नेमके तेव्हा पोचलात. ओहोटीला तिसऱ्या-कालवं असे शिंपले उघडे पडतात आणि पक्षी पाण्याच्या कडेला चरत राहतो. सपाट पुळणीवर ही कड फार लांब जाते. पाणी चढू लागलं की तेच त्याला तुमच्याकडे ढकलत आणतं. म्हणून भरतीच्या तीन तास आधी जाऊन कोरड्या वाळूवर बसायचं आणि हलायचं नाही.

आता उजेडाचा विचार करा. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं, चोचीचा लाल-नारिंगी रंग स्पष्ट दिसतो. संध्याकाळी समोरच्या उन्हात सगळेच पक्षी काळे. म्हणजे सकाळी नऊ-दहाची भरती हवी : द्वादशी (नऊ) किंवा त्रयोदशी (पावणेदहा), पक्ष कुठलाही चालेल. या तिथीला लागून येणारा रविवार निवडा. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहाच. सूर्योदयाला किनाऱ्यावर हजर राहायचं तर साताऱ्याहून पहाटे निघून भागत नाही. आदल्या रात्री अलिबाग किंवा नागावला मुक्काम करा.

पक्ष्याने चरणं थांबवून मान वर केली, की तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथेच खाली बसा. भरतीच्या काळात थवा वाळूच्या टोकावर किंवा खडकावर विसावतो, तेव्हा तर त्याला अजिबात उठवू नये. लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी अशा उड्डाणांत खर्ची पडते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीत पलीकडच्या वाळूवर जाऊ नका, परतीची वाट पाणी आधी अडवतं.

प्रश्न : आमच्याकडे नदीकाठी शेकाट्या नेहमी दिसतो. तोही काळा-पांढराच. लांबून फरक कसा ओळखायचा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शेकाट्याचे गुलाबी पाय काटकुळे आणि बेसुमार लांब, चोच काळी, सुईसारखी. ऑयस्टरकॅचर ठेंगणा, भरीव अंगाचा. पाय आखूड आणि जाड, चोच सरळ, जाडसर, लाल-नारिंगी. हीच चोच शिंपल्याच्या फटीत घालून तो आतला स्नायू कापतो, नाहीतर ठोकून कवच फोडतो. उडताना पंखावर रुंद पांढरा पट्टा दिसतो. मधे उचाट्या हा आणखी एक काळा-पांढरा पक्षीही येऊ शकतो, पण त्याची काळी चोच टोकाला वर वळलेली. आधी खटाव तालुक्यातल्या मायणी किंवा येरळवाडी तलावावर शेकाट्या, चिखल्या, सुरय नीट पाहून घ्या. हे तिन्ही पाठ झाले की किनाऱ्यावर वेगळा पक्षी लगेच डोळ्यांत भरतो.

प्रश्न : ८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) दुर्बीण पुरेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : शोधायला पुरेल. चोच आणि पाय पाहायला गटात एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे २० ते ६० पट मोठं दाखवणारी एका डोळ्याची दुर्बीण, आणि दणकट तिपाई असावी. हलक्या तिपाईवर वाऱ्यात चित्र थरथरतं. परतल्यावर भिंगांवरची वाळू आधी फुंकणीने उडवा, मगच पुसा. तशीच पुसली तर चरे पडतात. बाहेरचं मीठ गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने काढा.