पालक विचारतात : आधारसाठी शाळा एवढी मागे का लागते?

(सदाशिव पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेच्या विश्वस्त या अंकात पालकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. महिन्याभरात शाळेतून चार वेळा फोन आला, ‘आधार जुळत नाही, दुरुस्त करून आणा.’ सुप्रीम कोर्टाने शाळेसाठी आधारची सक्ती नाही असं सांगितलंय ना? मी रिक्षा चालवतो. एक खेप म्हणजे अर्ध्या दिवसाचा धंदा जातो.
– एक वडील, दत्तवाडी

उत्तर : दादा, तुमचं म्हणणं बरोबर आहे. सप्टेंबर 2018 च्या निकालानुसार आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा शाळाप्रवेश अडवता येत नाही. आमच्याकडे तो अडवला जाणारही नाही. कार्ड जुळो न जुळो, तुमचा मुलगा वर्गात बसेल, त्याला पुस्तकं मिळतील, दुपारची खिचडी मिळेल. त्याची काळजी करू नका.

फोन येतो तो वेगळ्या कारणासाठी. अनुदानित शाळेत शिक्षक किती, हे संस्था ठरवत नाही, संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांच्या पदांना मिळणाऱ्या सरकारी मंजुरीत ठरतं. त्यासाठी 30 सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यातही विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर ज्यांचं आधार ‘वैध’ दिसतं तीच मुलं मोजतात. नाव, जन्मतारीख, लिंग, तिन्ही जुळावं लागतं. शिक्षणहक्क कायद्याच्या तक्त्यात प्राथमिकच्या 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक आहेत, 91 ते 120 मुलांना चार. गेल्या वर्षी आमच्या पहिली ते चौथीच्या पटावर 94 मुलं होती. रोज येणारी, प्रार्थनेला रांगेत उभी राहणारी 94 मुलं. वैध निघाली 89. एक पद गेलं. दुसरीच्या बाई अतिरिक्त ठरल्या आणि समायोजनात, म्हणजे पद रिकामं असलेल्या दुसऱ्या शाळेत बदली होऊन, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. तेव्हापासून पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात. एका फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ मारलेली असते. डावीकडे बाराखडी, उजवीकडे हातच्याची बेरीज. तुमचा मुलगा त्या उजव्या बाजूला बसतो, दादा.

ही पद्धत मला मान्य नाही. मूल डोळ्यांसमोर बसलेलं असताना ते मोजायचं नाही, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. हजेरीपत्रकाच्या प्रती जोडून आम्ही वर लेखी दिलं आहे, पाठपुरावाही सोडलेला नाही. पण त्यावर निर्णय होईपर्यंत आणखी एक सप्टेंबर निघून जाईल. म्हणून फोन.

ती पाच नावं मी स्वतः कार्यालयात लेखनिकांशेजारी बसून पाहिली. एका मुलीच्या कार्डावर ‘पुरुष’ छापलेलं. दोघांची जन्मतारीख 1 जानेवारी, कारण कार्ड काढलं तेव्हा घरात जन्मदाखला नव्हता आणि अंदाजाने साल सांगितलं गेलं. एकाचं आडनाव कार्डावर गावाकडचं, दाखल्यावर निराळं. आणि पाचवी चूक आमची होती. कार्ड अगदी बरोबर होतं, शाळेतून माहिती भरताना जन्मसाल चुकलं होतं. त्या आईने दोनदा कामावर खाडा करून आधार केंद्रावर हेलपाटे घातले होते. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. यंदा आधी आम्ही जनरल रजिस्टर (शाळेतली प्रवेशाची मूळ नोंदवही), जन्मदाखला आणि पोर्टल ताडून पाहतो, आपली चूक नाही याची खात्री करतो आणि मगच पालकांना फोन करतो.

तुमच्या मुलाची जन्मतारीख चुकली आहे. तेव्हा एक सांभाळा, आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. घाईत कुठेही बदलून घेऊ नका. महापालिकेचा जन्मदाखला हातात घ्या आणि त्यावर आहे तीच तारीख टाकायला सांगा. दाखला नसेल तर आधी तो काढावा लागेल, त्याचा अर्ज भरायला लेखनिक मदत करतील. मुलाला सात पूर्ण व्हायचे असतील तर त्याच खेपेला बोटांचे ठसेही देऊन टाका. पाच ते सात या वयात ते मोफत करून मिळतं, आणि सातनंतरही राहिलं तर नंबर बंद पडू शकतो.

तुमचा धंदा बुडू नये म्हणून या महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, संध्याकाळी पाच ते साडेआठ, आधारचं यंत्र शाळेतच येणार आहे. मुलाला बरोबर आणा.

प्रश्न : थोरली सातवीत, धाकटा पहिलीत. तिला सव्वासातला सोडायचं, त्याला नऊला. जनता वसाहतीतून दोन खेपा कशा करायच्या?
– एक आई

उत्तर : ताई, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नयेत हा शासनाचा फेब्रुवारी 2024 चा निर्णय आहे. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू मला पटतो. तुमची अडचणही खरी आहे. ग्रंथालयाची खोली आता सातला उघडते, तिथे एक सेविका असतात. धाकट्याला ताईबरोबरच पाठवा. झोप आली तर सतरंजी आहे.

प्रश्न : शाळा व्यवस्थापन समितीत आमच्यासारख्या धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायकांना घेतात का? की शिकलेलेच लागतात?
– एक आई, दांडेकर पूल

उत्तर : शिक्षणाची कुठलीही अट नाही. कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या स्त्रिया. वंचित घटकांतल्या पालकांनाही प्रमाणात जागा द्यावी लागते. अनुदानित शाळेत समितीचं काम सल्ल्याचं आहे, तिच्या ठरावाने सगळं बदलत नाही, हे खरं. पण लहान मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसली ती समितीतल्या एका आईने विषय लावून धरला म्हणून. आम्ही विश्वस्त वर्षानुवर्षं त्या दारावरून जात होतो, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आजवर सभा दुपारी तीनला व्हायची, म्हणजे तुमच्या कामाच्या वेळेत. यंदाची पालकसभा आणि निवड रविवारी सकाळी अकराला ठेवली आहे. नाव त्याच दिवशी तोंडी दिलं तरी चालेल. बोलायला संकोच वाटत असेल तर शेजारणीला घेऊन या. मी दारातच असेन.