ई लिहिलंय म्हणून टायर घेऊ नका

प्रश्न : नमस्कार दादा, मी कोलोरॅडो स्प्रिंग्सला असतो. फोर्ड एफ-२५० डिझेल पिकअप ट्रक आहे, मागे ३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, सामान भरून साधारण ९००० पौंड. ओरिजिनल टायर एलटी (लाइट ट्रक) २७५/६५ आर २० होते ते घासत आलेत. उन्हाळ्यात ब्युएना व्हिस्टाच्या पुढे जंगलातल्या कच्च्या रस्त्यांनी कॅम्पिंगला जातो, म्हणून मड टेरेन (चिखलासाठीचे, मोठ्या ठोकळ्यांचे टायर) घ्यावेत असं मनात आहे. दुकानदार ३५ बाय १२.५० आर २० (३५ इंच उंच, १२.५० इंच रुंद, २० इंची रिमचे) सुचवतोय, रिम तेच राहतील, आणि हे पण लोड रेंज ई (टायरच्या मजबुतीची श्रेणी) चेच आहेत, काही फरक नाही म्हणतो. ट्रेलर लावून काट्यावर वजन केलं तर मागच्या अॅक्सलवर ६१२० पौंड भरले. घेऊ का?

उत्तर : काट्यावर जाऊन आलात हे फार बरं केलंत, त्या एका आकड्यामुळे मला नीट उत्तर देता येतंय. नका घेऊ.

ई हे अक्षर म्हणजे वजनाचा आकडा नव्हे. आत्ता बाहेर जाऊन जुन्या टायरच्या साइडवॉलवर बघा, साइजच्या पुढे १२६/१२३ असं काहीतरी दिसेल, त्यातला पहिला आकडा आपला, दुसरा मागे जोडटायर असतात त्यांचा. १२६ म्हणजे ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला एक टायर ३७५० पौंड पेलतो. ३५ बाय १२.५० आर २० मधले ई वाले बहुतेक १२१ चे असतात, ६५ पीएसआयला ३१९५ पौंड, बस. म्हणजे मागच्या दोन टायरचे मिळून ७५०० होते ते ६३९० वर आले आणि तुमचं वजन ६१२०. उरले २७० पौंड, त्यात मागच्या सीटवर दोन माणसं बसली आणि मागच्या हौद्यात जनरेटर ठेवला की संपलं, आणि डावीउजवीकडे वजन सारखं वाटलेलं असतंच असंही नाही.

मी हे स्वतः भोगलंय. एका दुकानात असंच ई म्हणजे ई ऐकून रुंद टायर घातले आणि आयझेनहॉवर टनेलमधून, ११ हजार फुटांवरून, ट्रेलर घेऊन सिल्व्हरथॉर्नकडे उतरत होतो, स्टीअरिंग सरळ धरलंय तरी मागचा भाग डुलतोय, बायको शेजारी हँडल धरून गप्प बसलेली. खाली थांबून मागच्या टायरला हात लावला तर हात ठेववेना. पुढच्याच आठवड्यात ते टायर काढले.

बरं, मिळतंय काय? तुमच्या जुन्या टायरची उंचीच ३४ इंच आहे हो! ३५ घालून जमिनीपासून अर्धा इंचसुद्धा वर जात नाही तुम्ही. रुंदी मात्र २७५ मिलिमीटरची ३१७ च्या आसपास जाते, वळताना फेंडरला घासायची शक्यता, आणि बर्फात रुंद टायर वर तरंगायला बघतो. ३५ च हवेत असं अगदी मनात बसलं असेल तर लोड रेंज एफ मध्ये १२५ चे मिळतात, ३६४० पौंड, ते तरी बघा.

माझं म्हणाल तर साइज तीच ठेवा आणि फक्त नक्षी बदला. मड टेरेन चिखलात छान, पण ओल्या डांबरावर पकड कमी आणि मोठे ठोकळे ओझ्याखाली वळवळतात, तुमचे बहुतेक मैल तर डांबराचेच. एलटी मधला ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारा), १२६ किंवा वर, आणि साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा कण असं चिन्ह असलेला घ्या. सप्टेंबर ते मे आय-७० हायवेच्या डोंगराळ भागात ३/१६ इंच नक्षी शिल्लक लागतेच.

कच्च्या रस्त्यावर हवा कमी करायची असेल तर ट्रेलर सोडल्यावरच करा, छोटा कंप्रेसर जवळ असू द्या आणि परत जोडायच्या आधी हवा पूर्ण भरा.

घेताना साइडवॉलवरच्या डीओटी नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, दुकानात पडून राहिलेला माल गळ्यात मारून घेऊ नका. बसवल्यावर ५० ते १०० मैलांनी चाकांचे नट परत टॉर्क (ठरलेल्या जोराने घट्ट) करून घ्या. आणि हो, स्टेपनी खाली लटकलेली विसरू नका, फोर बाय फोरला चारांपेक्षा वेगळ्या उंचीची स्टेपनी चालत नाही, साइज तीच ठेवलीत तर निदान तो खर्च वाचेल.