लाल चंद्राचं काय करायचं?

पत्रं वेगवेगळ्या गावांची, घोळ तोच: गेममध्ये लिहिलेलं कोणी वाचत नाही, मित्राने सांगितलेलं मात्र पाठ असतं.

'झेल्डा' गेममालिकेतला खलनायक गॅनन मेला तरी परत येतो. तो एकच, की दर वेळी नवा? (अमळनेर)

दोन्ही. 'ओकारिना ऑफ टाइम' (1998) आणि 'विंड वेकर'मधला गॅननडॉर्फ (गॅननचं मानवी रूप) एकच. मात्र 'स्कायवर्ड स्वोर्ड'च्या (2011) शेवटी राक्षसराज डिमाइज शाप देतो, की माझा द्वेष पुन्हा पुन्हा जन्म घेईल. त्यामुळे प्रत्येक गेम वेगळा तपासा.

'झेल्डा'च्याच 'मॅजोराज मास्क'मधला चंद्र कोणत्या पापाची शिक्षा म्हणून पडतो? (शिरपूर)

कोणत्याच नाही, मॅजोराच्या जादुई मुखवट्याच्या ताकदीने स्कल किड नावाचं पात्र तो खाली ओढतं.

'झेल्डा'च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये लागोपाठ दोनदा लाल चंद्र आला. मित्र म्हणतो, हा गुप्त शेवटाचा संकेत आहे. त्याची पीडीएफ विकत मिळते. घेऊ का? (चाळीसगाव)

अजिबात नको. संकेत काय आहे ते राजकुमारी झेल्डा स्वतः सांगते: गॅननची शक्ती वाढली, मारलेले राक्षस उठणार. तेही फुकटात! त्यामागचा हिशेबही साधा आहे. खेळाची साधारण 168 मिनिटं भरली, की पुढच्या मध्यरात्री हा चंद्र येतो. मेमरीवर ताण आला तर त्याआधीही येतो, कधी भरदिवसा. तेवढ्यात गेम आपला पसारा आवरून घेतो. तुमचा दुसरा चंद्र बहुतेक त्यातलाच. अशा आवराआवरीला भविष्यवाणी म्हणून विकणाऱ्यांची मला चीड आहे. आणि तुम्ही तर चाळीसगावचे! जवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हे त्यांनी लिहून साडेआठशे वर्षं उलटली. तरीही शंका असेल तर दोन्ही वेळा टिपून ठेवा आणि गेम कोळून प्यायलेल्या एखाद्याला दाखवा. विकणाऱ्याला विचारू नका.

मुलगा दहा वर्षांचा. पडणाऱ्या चंद्राचा गेम खेळल्यापासून रात्री रडत उठतो. दोन महिने झाले, तावीज बांधलाय. (भुसावळ)

ताई, दोन महिने कशाची वाट पाहिली? गेम बाजूला ठेवा आणि त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. तावीज ठेवायचा की काढायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, डॉक्टरांची वेळ मात्र आजच घ्या.

'एल्डन रिंग' गेममध्ये सेनापती राडानला न हरवता जादूगारीण रॅनीची कथा पूर्ण होते का? (नंदुरबार)

नाही. तारे त्यानेच थोपवून धरलेत. तो पडला की लिमग्रेव्ह प्रांतात उल्का कोसळते आणि नोक्रॉन या जमिनीखालच्या शहराची वाट उघडते. रॅनीचं काम आधीच अंगावर घेतलं असेल तर रेडमेन किल्ल्यावर तिचा साथीदार ब्लेड भेटेल; आधी त्याच्याशी बोला.