प्रॉडक्टमध्ये लिनक्स आणि बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या कमांड्सचा संच) आहे, मॅन्युअलमध्ये त्यांच्या साईटची लिंक दिली तर सोर्स कोड दिल्यासारखं होतं का?

नाही होत. दोन्ही जीपीएल व्हर्जन २ या ओपन सोर्स लायसन्सखाली आहेत आणि बायनरी (कोडपासून बनवलेला तयार प्रोग्राम) विकताय तुम्ही, म्हणजे सोर्स द्यायची जबाबदारी पण तुमचीच. त्यात त्या साईटवर असतो मूळ कोड, तुम्ही मारलेले पॅच, म्हणजे कोडमध्ये केलेले बदल, तिथे कुठून येणार? लायसन्समध्ये बिल्ड आणि इन्स्टॉलच्या स्क्रिप्टसुद्धा सोर्समध्येच मोजल्यात.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत कॅमेरा रेकॉर्डरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बघायचो. माल विकून दोन वर्षं झाली आणि एका गिऱ्हाईकाचा मेल आला, सोर्स पाठवा. ज्याने बिल्ड काढलं होतं तो नोकरी सोडून गेलेला, त्याचा लॅपटॉप फॉरमॅट करून दुसऱ्याला दिलेला, चिपवाल्याने दिलेल्या एसडीकेची (त्या चिपसाठीचा कोड आणि टूल्स) झिप सापडली पण आमची डॉट कॉन्फिग, म्हणजे बिल्डच्या सेटिंगची फाईल नाही, मग जुन्या मेलमधून एकेक पॅच गोळा करत तीन आठवडे गेले तेव्हा कुठे तो कर्नल (लिनक्सचा गाभा) बोर्डवर बूट झाला. मागणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्याचा हक्कच होता तो.

म्हणून सांगतो, ज्या दिवशी रिलीज काढाल त्याच दिवशी सोर्सची टारबॉल (सगळ्या फाईल्सची एकच फाईल) बनवा, तिला फर्मवेअरचाच व्हर्जन नंबर द्या आणि कोऱ्या मशीनवर कोणा दुसऱ्याला बिल्ड करायला सांगा. फर्मवेअर बनवायला बिल्डरूट हे टूल वापरत असाल तर त्याची 'मेक लीगल-इन्फो' कमांड बरंचसं गोळा करून देते, फक्त बिल्डरूटचा स्वतःचा सोर्स त्यात येत नाही, तो आठवणीने वेगळा ठेवा.

मग एकतर सोर्स मालासोबतच द्या, नाहीतर किमान ३ वर्षं चालेल अशी लेखी ऑफर द्या. ऑफर दिलीत तर ती फक्त गिऱ्हाईकापुरती नसते, कोणीही मागितलं तरी द्यावं लागतं, आणि पैसे घ्यायचे ते कॉपी करून पाठवायच्या खर्चाएवढेच. मला विचाराल तर सोबतच देऊन टाका, मागे काही राहत नाही. तुमचं स्वतःचं ॲप वेगळा प्रोग्राम म्हणून चालत असेल, जीपीएल लायब्ररी त्यात लिंक केली नसेल, तर त्याचा कोड सहसा द्यावा लागत नाही, त्या भीतीने बाकीचं दाबून ठेवू नका.

आणि हे नुसतं कागदी काम समजू नका हो. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स लोकांनी मागून मागून बाहेर काढला, त्यावरच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं ओपन सोर्स फर्मवेअर उभं राहिलं. कंपनीने अपडेट बंद केलेले कितीतरी राउटर आज त्याच्यावर चालतात, माझ्या घरातला पण.