पंढरपूर अर्ध्या तासात उरकायचं का?

प्रश्न: पुढच्या महिन्यात आम्ही सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर असं फिरायला चाललोय. घरात वारी नाही, कुणी माळकरी नाही, पण देऊळ बघायची फार इच्छा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगा 9 वर्षांचा आहे. पायावर डोकं ठेवायच्या रांगेत तासन्‌तास जातात म्हणे, मग मुखदर्शन घेऊन अर्ध्या तासात निघालो तर चालेल का? – एक वाचक

उत्तर: ताई, चालेल की, पण अर्धा तास नका ठेवू, निदान अर्धा दिवस तरी द्या. आधी दिवस बघून घ्या, एकादशी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळा, साध्या मंगळवारी-बुधवारी रांग बरीच कमी असते. सासूबाईंना मुखदर्शनच द्या, त्यात काही कमी नाही, विठोबा लांबून दिसतो पण दिसतो. तुम्ही आणि मुलगा मात्र जमलं तर पदस्पर्शाच्या रांगेत लागा. इतक्या मोठ्या देवस्थानात कुणीही, कुठल्याही जातीचा माणूस थेट देवाच्या पायावर डोकं टेकवतो हे मला अजूनही फार मोठं वाटतं, आणि ते सहज मिळालेलं नाही, साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात 10 दिवस उपोषण केलं तेव्हा कुठे हे दार दलितांसाठी उघडलं. मुलाला हे रांगेतच सांगा, वेळही जाईल.

पायाशी पोचल्यावर दोन-तीन सेकंदच मिळतात, डोकं टेकलं की लगेच पुढे व्हा म्हणतात, तेव्हा आधीच ठरवून ठेवा की डोळे मिटायचे नाहीत, बघायचं. कमरेवरचे हात, विटेवरचे पाय, तेवढं बघून घ्या. 2024 मध्ये गाभाऱ्यातली चांदी काढून जुना दगड मोकळा केलाय, तोही बघा. सोळखांबीत, म्हणजे गाभाऱ्याबाहेरच्या सोळा खांबांच्या मंडपात, गरुडखांब आहे, लोक त्याला मिठी मारतात. चौऱ्याऐंशीचा शिलालेखही चुकवू नका, 1273 ते 1277 मधल्या देणगीदारांची नावं आहेत त्यावर, त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासून अक्षरं झिजलीत.

मोबाईल आत नेता येत नाही, तो आणि चपला कुठे ठेवणार ते आधीच ठरवा. "लवकर दर्शन करून देतो, एवढे द्या" म्हणत कुणी मागे लागलं तर सरळ नाही म्हणा. चंद्रभागेला पाणी जास्त असेल तर मुलाला वाळवंटात पुढे जाऊ देऊ नका.

सासूबाईंचं दर्शन आधी झालं तर त्यांना महाद्वाराजवळ सावलीत बसवा. तिथेच नामदेव पायरी आहे, भक्तांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली असं सांगतात, त्यामुळे वारकरी तिच्यावर पाय देत नाहीत, डोकं टेकतात. समोरच दलित संत चोखोबांची (चोखामेळ्यांची) समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही त्यांची समाधी आज दर्शनाला येणाऱ्यांच्या वाटेवर आहे, मी प्रत्येक वेळी तिथे जरा जास्तच थांबते.

आणि रखुमाई मागच्या बाजूला वेगळ्या देवळात असते, विठोबा झाला की बरेच लोक थेट बाहेर पडतात, तुम्ही तिला भेटूनच निघा.