बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील बंद पडलेल्या चर्चचा इतिहास कुठे शोधावा?

आपल्या गावचे चर्च कॅथलिक होते की प्रोटेस्टंट, हे सर्वप्रथम निश्चित करावे, कारण पुढचा सारा शोध त्यावर अवलंबून आहे. कॅथलिक असल्यास लक्षात घ्यावे की बेळगाव धर्मप्रांत (एका बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश) 1953 मध्ये स्थापन झाला आणि त्याआधी हा प्रदेश गोवा व पुणे येथील धर्मप्रांतांच्या अखत्यारीत होता. त्यामुळे जुनी कागदपत्रे आज गावात नसली, तरी ती नष्टच झाली असे मानू नये. प्रत्येक धर्मग्रामाला (धर्मप्रांतातील स्थानिक विभागाला, म्हणजे पॅरिशला) बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्याच लागतात. चर्च बंद झाले म्हणजे या वह्यांचे महत्त्व संपत नाही, म्हणून शेजारच्या धर्मग्रामात आणि धर्मप्रांताच्या कार्यालयात त्यांची चौकशी करावी. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असू शकतात, तेव्हा वाचून देणारा जाणकार सोबत असलेला बरा.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. धर्मग्राम रद्द होणे आणि चर्चची वास्तू उपासनेसाठी कायमची बंद होणे हे दोन स्वतंत्र निर्णय असतात. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेनुसार दोन्ही निर्णय बिशप घेतात, आणि त्याआधी सामान्यतः धर्मगुरूंच्या मंडळाचे मत ऐकतात. म्हणून दोन आदेशांचा वेगवेगळा शोध घ्यावा.

प्रोटेस्टंट चर्च असल्यास बेळगावातील मिशनच्या कागदपत्रांकडे वळावे. थडग्यांवरील लेख मात्र आधी, पावसाळ्यापूर्वीच, उतरवून घ्यावेत, कारण शेवाळाखाली गेलेली अक्षरे पुन्हा वाचता येतीलच असे नाही, आणि गावातील वृद्धांच्या आठवणीही आताच लिहून ठेवाव्यात.